बारावा माग

बारा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. ताट वाढून ठेवलंय, वर दुसरं ताट पालथं घातलंय. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि कांदा. भूकही लागली आहे. तरी मी जेवायचं सोडून लिहीत बसले आहे. का, ते सांगायचं तर सात उन्हाळे मागं जावं लागेल.

आमच्या सोलापुरात ऊन पडत नाही, येऊन बसतं. एप्रिल लागला की पाहुण्यासारखं दारात येतं आणि जून उजाडला तरी उठायचं नाव घेत नाही. साडेअकरानंतर दुकानांची शटरं अर्ध्यावर उतरतात. कुत्री उभ्या रिक्षाखाली शिरतात. डांबर चपलेला चिकटून पावलापावलाला चट् चट् करतं, आणि रस्त्यावर आपण एकटेच असलो की तो आवाज आपल्या मागून येतोय असं वाटायला लागतं. मी मूळची मोडनिंबची. तिथं आमच्या घरी भर बाराला पोरींना विहिरीकडं जाऊ देत नसत. "बारा वाजता सावली पायाखाली शिरती, मानूस उघडा पडतो," असं आई म्हणायची आणि मी हसायचे. रात्रीची भीती दिवा लावून घालवता येते. भर दुपारच्या भीतीला काय लावणार? उजेड तर आधीच सगळा लागलेला असतो.

हल्ली मी लग्नांची शूटिंगं करते. ऊन आणि लग्नसराई एकदमच येतात, त्यामुळे मला उन्हाची तक्रार करायची सोय नाही. गेल्याच आठवड्यात एका नवरदेवाचा धाकटा भाऊ मोबाईल घेऊन आला. "ताई, असला एक शॉट पायजे की. अक्षता खालनं उडत्यात आन् परत लोकांच्या मुठीत जात्यात, तसला." म्हणजे उलटा शॉट. शूट करायचं सरळ, दाखवायचं शेवटाकडून सुरुवातीकडं. आता एका बटणाचं काम आहे ते. मी नाही म्हटलं. "जास्त लागत असतील तर देतो की," तो म्हणाला. म्हटलं, तसं नाही रे, मी उलटं करतच नाही. मी भर मांडवात शिंकल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

त्या उन्हाळ्यात आम्ही तिघं कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. मी, श्रीलता आणि इम्रान. परीक्षेच्या आधी तीन मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ करून द्यायचा होता. गाणं श्रीलताचं, तिनंच लिहिलेलं आणि तिनंच गायलेलं. एडिटिंग इम्रानचं. कॅमेरा माझा, आणि तोंडही माझंच, कारण तिघांत हुकूम सोडायची हौस मलाच. श्रीलता शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, रागावली की दोन्ही एकदम. घराच्या मागंच त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब खोली आणि तीत टॉवेल विणणारे बारा यंत्रमाग, मधे वाट ठेवून दोन्ही बाजूंना सहा सहा. आम्ही पाहिला तेव्हा तो बंद पडून आठ महिने झाले होते. माग भंगारात विकले गेले होते आणि शुक्रवारी सकाळी टेम्पो येणार होता. आमच्या हातात फक्त गुरुवारपर्यंतचा आठवडा होता.

काय काय प्रयोग केले आम्ही त्या आठवड्यात! सुताच्या कांड्यांच्या रिकाम्या टोपलीत कॅमेरा ठेवून वरून वाकलेली श्रीलता टिपली. पाण्याने भरलेला पेला भिंगापुढं धरून त्यातून उलटे पालटे माग टिपले. गाणं दुप्पट वेगाने लावायचं, तिने त्या चिमणीच्या आवाजाबरोबर भराभर ओठ हलवायचे, आणि मग चित्र निम्म्या वेगाने चालवायचं. ओठ गाण्यावर बरोबर बसायचे, पण केस, ओढणी, पापण्या सगळं पाण्याखाली असल्यासारखं सावकाश हलायचं. ते पाहून इम्रान म्हणाला, "क्या तो बी लगरा है रे, जैसे किसीका सपना चोरी करके लाये." त्याला तो शॉट पुरेसा होता. मला पुरेसं काहीच नव्हतं.

उलट्या शॉटची कल्पना माझी, हे आत्ताच कबूल करते. श्रीलता दारातून मागांच्या मधल्या वाटेने कॅमेऱ्याकडे गात येतेय आणि तिच्याभोवतीचं सगळं मात्र उलट घडतंय, असं मला हवं होतं. त्यासाठी शूट करताना तिने कॅमेऱ्यापासून दाराकडे उलट पावलांनी चालायचं आणि गाणंही शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे म्हणायचं. मग चित्र उलटं फिरवलं की ती सरळ चालणार, सरळ गाणार. इम्रानने आख्खं गाणं अक्षर अक्षर उलटं लिहून दिलं. श्रीलता ते गल्लीत पाठ करायची. भर दुपारी, रिकाम्या गल्लीत, एक तरणी पोर उलट पावलांनी चाललीय आणि कुठल्याच भाषेतलं नसलेलं काहीतरी पुटपुटतेय. शेजारच्या काकू दारात आल्या. म्हणाल्या, "श्रीलते, उलट्या पायानं नगं गं चालू. बघवत न्हाई." आणि आत जाऊन त्यांनी कडी लावली. आम्ही पोट धरधरून हसलो.

आता नानांबद्दल सांगते. नाना म्हणजे श्रीलताचे वडील. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभे राहून त्यांचे कान गेले होते. कारखान्यात कुणी आवाजाने बोलतच नाही, ओठांनी आणि हातांनी बोलतात, त्यामुळे त्यांचं काही अडायचं नाही. समोरच्याच्या ओठांवरून ते तीन भाषा वाचायचे. बाहेरचं त्यांना काहीही ऐकू यायचं नाही. पण बंद पडलेले माग ऐकू यायचे. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की कान गेले तरी आतल्या नसा आवाज करत राहतात, त्यात घाबरण्यासारखं नाही. नानांनी सगळं नीट वाचून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं बराबर हाय डॉक्टर. पन चालू हाईत की."

रोज बाराच्या ठोक्याला नाना बाजेवरून उठायचे, मागच्या दाराने कारखान्यात जायचे आणि बाराच्या बारा माग एकेक करून बंद करायचे. मग हातपाय धुऊन जेवायला बसायचे. माग चालू ठेवून जेवायला बसायचं नाही, हा त्यांचा उभ्या जन्माचा नियम. कामगारांनाही त्यांनी तोच लावलेला. लक्ष नसताना आडवं सूत घेऊन धावणारा लाकडी धोटा उडाला तर माणसाचा डोळा घेऊन जातो, आणि त्यांनी असा एक डोळा गेलेला पाहिला होता. श्रीलताच्या आईने, अम्माने, हे सगळं मुकाट्याने घेतलं होतं. नाना मागच्या दारातून परत येताना दिसले की ती तव्यावर भाकरी टाकायची. श्रीलताच्या मोठ्या भावाला, अण्णाला, मात्र याची फार लाज वाटायची. माग विकायची घाई त्याचीच. माग गेले की वडिलांच्या डोक्यातलंही जाईल, अशी त्याची भाबडी आशा होती, आणि खरं सांगायचं तर श्रीलताचीही.

गुरुवारी श्रीलता मला म्हणाली, "सुजे, बाराच्या आत संपव हां. नाना यायच्या आत. त्यांना तसं कॅमेऱ्यात नको." मी हो म्हटलं. आणि ट्रायपॉड लावायला, भिंग पुसायला, इम्रानवर ओरडायला मुद्दाम वेळ काढला. कारण पत्र्यात ठिकठिकाणी काचा बसवल्या होत्या आणि त्यांतून ऊन सरळ मधल्या वाटेवर उतरायचं ते फक्त बाराला. मला ते ऊन हवं होतं. मैत्रिणीला दिलेला शब्द मोडून हवं होतं.

पहिले दोन टेक फुकट गेले. तिसऱ्याला सगळं जमून आलं. माझा ट्रायपॉड वाटेच्या टोकाला, बाराव्या मागाला टेकून उभा. इम्रानने स्पीकरवर गाणं उलटं लावलेलं. श्रीलता माझ्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागं जात होती, उन्हाच्या एका चौकोनातून दुसऱ्यात, आणि तिचे ओठ ती विचित्र अक्षरं चुकूनही चुकवत नव्हते. मागांवर आठ महिन्यांची धूळ होती. जुन्या तेलाचा आणि सुताच्या तंतूंचा वास तापून वर आला होता. आणि तिच्या पाठीमागे, दारातून, नाना आत आले.

तिला दिसले नाहीत. मला दिसले. मी कॅमेरा थांबवला नाही.

नाना पहिल्या मागापाशी थांबले. डावा तळहात मागावर ठेवला, मान किंचित कलती केली, कशाची तरी वाट पाहिली आणि उजव्या हाताने हँडल खाली ओढलं. मग समोरच्या रांगेतला दुसरा. मग अलीकडचा तिसरा. प्रत्येक मागाशी तेवढाच वेळ. प्रत्येक वेळी हात काढून घेताना त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल व्हायचं. बाळ झोपल्यावर पाळण्याची दोरी सोडतो ना आपण, तसा ते हात सोडत होते. ते कॅमेऱ्याकडे येत होते, श्रीलता दाराकडे जात होती, मधे कुठंतरी दोघं एकमेकांना ओलांडून गेले. तेव्हा तिने त्यांना पाहिलं. तिचे ओठ थांबले, पाय मात्र दारापर्यंत मागं जात राहिले. स्पीकरही चालूच होता, उलटा.

अकराव्या मागानंतर नाना बाराव्याकडे वळले आणि त्यांच्या पाठीने माझी सगळी चौकट भरून गेली. मी "कट!" म्हणून ओरडले. बहिऱ्या माणसाला ओरडले. मग पुढं झाले आणि त्यांचं मनगट धरलं. हँडलपासून वीतभर अंतरावर. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"नाना, नंतर करा. ऊन सरकतंय."

"येकच र्‍हायलाय, पोरी."

"नंतर."

आवाज ऐकून अण्णा आला. त्याने आमच्याकडे, कॅमेऱ्याकडे, वडिलांकडे पाहिलं, म्हणाला, "बास झाला तमाशा," आणि नानांना खांद्याला धरून बाहेर नेलं. आम्हाला सामान आवरायला लावून त्याने कारखान्याला कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकली. नाना दुपारभर कुलपापुढं उभे होते म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टेम्पो आला आणि बाराला नाना गेले तेव्हा आत नुसती फरशी होती आणि बोल्टांची टोकं.

त्या दुपारी अम्माने ताट वाढलं. नाना बसले, भाकरी मोडली आणि हात मागं घेतला. "येक चालू हाय," म्हणाले. तसेच उठले. चार वाजता मात्र स्वतःहून येऊन जेवले. श्रीलताने कारण विचारलं, तर म्हणाले, चारला पाळी बदलती, मग तो माग दुसऱ्याच्या अंगावर.

हे तिने मला दोन दिवसांनी सांगितलं, इम्रानच्या घरी, आम्ही एडिटिंगला बसलो असताना. इम्रानने तोच टेक उलटा लावला. चित्रात माझा हात नानांचं मनगट सोडतो. नाना मागं मागं जातात. अकरावा माग, हँडल वर. दहावा, हँडल वर. नववा. उन्हाच्या चौकोनांत खाली बसलेली धूळ उठून वर जातेय आणि एक म्हातारा माणूस माग सुरू करत करत दाराकडे चाललाय, उलट पावलांनी, मागं न बघता, एकही पाऊल न चुकता. आणि त्याला ओलांडून त्याची लेक गात येतेय. इम्रान हळूच म्हणाला, "हौ रे, चालू कर दिये अपन." श्रीलता उठून बाहेर गेली. मी मात्र तो शॉट ठेवायला लावला, कारण इतका चांगला शॉट माझ्या हातून पुन्हा झाला नसता, आणि झालाही नाही. कॉलेजात टाळ्या पडल्या. त्या म्हाताऱ्याला छान शिकवलंय हो, असं एक सर म्हणाले.

पुढं श्रीलता आणि मी भेटत राहिलो, पण कमी कमी. ती एका शाळेत गाणं शिकवते. भांडण झालं नाही, म्हणूनच बहुधा मिटलंही नाही.

या मार्चच्या शेवटी तिचा फोन आला. नानांना साखरेचा त्रास सुरू झालाय. सकाळी गोळी, दुपारी बाराला जेवण, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण सात वर्षांत ते बाराला जेवलेले नाहीत. दोनदा चक्कर येऊन पडले. तिसऱ्यांदा पडले तर काय, हे डॉक्टर बोलले नाहीत. "सगळं करून झालं," श्रीलता म्हणाली. "देवाचं झालं, डॉक्टरचं झालं. आता ते तुझं नाव काढतेत. नाव न्हाई ठाऊक त्यांना. कॅमेरावाली पोर कुटं हाय म्हणतेत. येशील का गं?"

गेले. कॅमेरा घरी ठेवून गेले. नाना बाजेवर बसले होते, निम्मे झालेले. मला पाहून त्यांना राग आला नाही, तो आला असता तर बरं झालं असतं. नुसते उठले आणि मागच्या दाराकडे चालू लागले. कारखान्यात आता एका मांडववाल्याच्या लाल खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. पत्र्यातल्या काचा काळ्या पडल्या होत्या, तरी मधल्या वाटेवर ऊन उतरलं होतंच. टोकाची थप्पी श्रीलताने आणि मी बाजूला सरकवली. खाली फरशीतून चार बोल्ट वर आले होते.

नानांनी मला त्या चार बोल्टांपुढं उभं केलं. माझा उजवा हात धरला आणि हवेत एका जागी नेऊन ठेवला. मी खाली ओढणार, तोच त्यांनी मनगट दाबलं. सात वर्षांपूर्वी इथंच त्यांचं मनगट माझ्या हातात होतं.

"थांब की. धोटा पेटीत येऊ दे. मधीच धरलीस तर उडतोय."

मी थांबले. ते मान कलती करून ऐकत होते. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. श्रीलता दारापाशी उभी होती, अगदी त्या दिवशी उभी होती तिथंच. मला काहीच ऐकू येत नव्हतं, घामाचा थेंब कानामागून उतरताना सोडला तर. मग नानांनी मान हलवली. मी हात खाली ओढला.

तिथं हँडल नव्हतं. पण माझा हात जिथं थांबला त्याच्या खाली जाईना.

नानांनी माझा हात सोडला. "आता गप," म्हणाले. कुणाला ते कळलं नाही, मला की मागाला. घरात येऊन त्यांनी हातपाय धुतले. अम्माने तवा ठेवला. भाकरीचा पहिला तुकडा त्यांच्या तोंडात गेला तेव्हा घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. अम्माने दुसरी भाकरी न विचारता वाढली आणि त्यांनी तीही खाल्ली. श्रीलता स्वयंपाकघराच्या दारात माझा दंड घट्ट धरून उभी होती, रडत होती आणि हसत होती. मी सात वर्षांत इतकी सुखी नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाराला मी माझ्या खोलीत ताट घेऊन बसले आणि मला वाटलं, शेजारी कुणीतरी काहीतरी ठोकतंय.

मी कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन आले आहे. लग्नाच्या वरातीत वर्षानुवर्षं डॉल्बीच्या भिंतीशेजारी उभं राहून शूटिंग केलं की असं होतं, म्हणाले. आतल्या नसा आवाज करतात, घाबरण्यासारखं नाही. पटलं मला. डॉक्टरांचं बरोबरच आहे. फक्त एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. या आवाजातला दुसरा ठोका जरा लंगडा पडतो, दर वेळी, उंबऱ्याला पाय अडखळल्यासारखा. मी तो कारखाना पाहिला तोच बंद. एकही माग चालताना मी कधी ऐकलेला नाही. गेल्या रविवारी श्रीलताकडे गेले होते, तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, तुमच्या बाराव्या मागाचा आवाज कसा होता?" ती भाजी निवडत होती. वर न बघता तिने बोटांनी परातीवर वाजवून दाखवला. "ह्यो असा. लंगडा होता तो. नाना त्याला लंगड्याच म्हणायचे." आणि नाना पलीकडे बसून बाराचं जेवत होते. ताक मागून घेत होते.

तिला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तो बंद करायला त्या चार बोल्टांपाशीही मी जात नाही. माझ्याकडचा बंद झाला आणि परत त्यांच्याकडं गेला तर?

आता पाऊण वाजतोय. ऊन खिडकीच्या गजांवर येऊन बसलंय, गल्लीत कुणी नाही, आणि तो माग अगदी शांतपणे चाललाय, एकटाच. भुकेचं काय, सवय होते. चारला पाळी बदलते. तोवर ताट झाकलेलं असू दे.